मिलची काळी राख स्लॅबमध्ये नको, पऱ्ह्यात टाका



आज खत-फवारणीचा मेसेज नाही. गेल्या पंधरा दिवसांत तीन सभासदांनी एकच प्रश्न विचारला, म्हणून लिहितेय. मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतोय: धानाच्या तुसाची राख काँक्रीटमध्ये टाका, सिमेंट वाचवा. आपल्या एका भाऊंनी तर घरकुलाच्या स्लॅबसाठी राईस मिलमधून ट्रॉलीभर राख आणूनही ठेवली आहे.

व्हिडिओ खोटा नाही, अर्धा आहे.

खरी बाजू आधी. तुसात सिलिका भरपूर असते. तूस नीट जळलं तर राखेत 85-90 टक्के सिलिकाच उरते. सिमेंटमध्ये पाणी पडलं की थोडा चुना सुटतो, तो स्वतः काही ताकद देत नाही. ही सिलिका त्या चुन्याला धरते आणि त्याचाही चिकट पदार्थ बनतो. काँक्रीट घट्ट होतं, पाणी कमी झिरपतं. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456, त्यातही तुसाच्या राखेचं नाव आहे. पण अट आहे की राख एकसारख्या दर्जाची हवी आणि जबाबदार अधिकाऱ्याची मंजुरी हवी.

आता अर्धी राहिलेली गोष्ट. "नीट जळलं" म्हणजे साधारण 500 ते 700 अंशांत, ताबा ठेवून. कमी जळलं तर राख काळी राहते, म्हणजे त्यात कोळसा असतो. फार तापलं तर सिलिकाचे खडे बनतात, ते चुन्याला धरत नाहीत, आणि तसली धूळ छातीत गेली तर फुप्फुसाचं कायमचं नुकसान होतं. शिवाय राख सिमेंटसारखी बारीक दळावी लागते. मिलच्या बॉयलरमागे पडलेल्या ढिगात काळी, करडी, अर्धवट जळलेली सगळी मिसळलेली असते. वरून पावसात भिजलेली!

दुसरं म्हणजे राख पाणी पिते. माल घट्ट झाला की मिस्त्री अजून एक बादली ओततो. जास्त पाणी म्हणजे कमी ताकद, हे मिस्त्रीलाही माहीत असतं, पण काम उरकायचं असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. घरी पडलेलं सिमेंटचं पोतं उलटून बघा. बहुतेकांच्या पोत्यावर पीपीसी लिहिलेलं असेल. त्यात कारखान्यातच 15 ते 35 टक्के फ्लाय अ‍ॅश, म्हणजे वीज केंद्राची राख, मोजून मिसळलेली असते. त्यात तुम्ही घमेल्याने आणखी राख टाकली तर उरलेलं सिमेंट किती? प्रयोगशाळेत राखेचे जे 10-15 टक्क्यांचे प्रयोग होतात, ते बहुतेक साध्या ओपीसी सिमेंटवर. व्हिडिओवाल्याने हे सांगितलंच नाही.

मी शेतीची डिप्लोमावाली, इंजिनिअर नाही. तरी स्पष्ट सांगते: स्लॅब, बीम, कॉलम, विहिरीचं कडं, यात मिलची राख टाकू नका. घर एकदाच होतं. ट्रॉली आणणाऱ्या भाऊंनाही फोनवर हेच सांगितलं, ते जरा नाराज झाले.

मग ती ट्रॉली फेकायची का? अजिबात नाही. काँक्रीटला नको असलेली तीच काळी राख पऱ्ह्याला चांगली. चारसूत्री पद्धतीत हे पहिल्या सूत्रातच आहे: गादीवाफ्यावर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, मातीत मिसळून. रोपाला सिलिका मिळते, खोड कणखर होतं, खोडकिड्याला जड जातं. रोप उपटायलाही सोपं.

एक विनंती, ही राख मिळावी म्हणून तणस जाळू नका. तणसाची राख वेगळी, तिच्यात पालाश जास्त, ती काँक्रीटच्या कामाची नाही. एक टन तणसात साधारण 15 किलो पालाश असतो, तो बांधीत परत जाऊ द्या, नाहीतर जनावरांना घाला. जाळलं की नत्र तर हवेतच जातं.

आता पैशाचं. एकरी 15 क्विंटल धान धरलं तर तूस साधारण 3 क्विंटल, आणि त्याची राख 60 किलो. म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याहून थोडी जास्त. एकट्या शेतकऱ्याला यात काही नाही. पण शेकडो एकरांची राख एका मिलमागे पडते आणि आज ती मिलवाल्याला डोकेदुखी वाटते. माझं मत, कंपनीने ती तपासून घ्यावी. चांगली निघाली तर वीट आणि पेव्हर ब्लॉकवाल्यांशी एकत्र बोलता येईल, तिथे माल मोजून मिसळतात आणि दाबून तपासतात. संचालकांपैकी काहींना हे आपलं काम वाटत नाही. मला वाटतं.

ज्यांच्या गावच्या मिलमध्ये बॉयलर आहे, त्यांनी ताजी, कोरडी राख दोन किलो, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर मिलचं गाव आणि तारीख लिहून, पुढच्या मासिक सभेला आणावी. तोंडाला रुमाल बांधूनच भरा. ढिगाच्या वरची भिजलेली नको.