चारी चाकांचा ट्रॅक्टर आणि टायरांची रुंदी

उसाचा गळीत हंगाम संपून ट्रॅक्टर दारांत उभे राहिले, म्हणजे आमच्या जयसिंगपूर-शिरोळ भागांत टायर बदलण्याचा विचार सुरू होतो. झिजलेला टायर बदलणें अवश्यच आहे. परंतु बदलतांना मागचा टायर मूळच्यापेक्षां एक माप रुंद बसवावा, अशी हौस पुष्कळांस असते. मागचीं दोनच चाकें ओढणाऱ्या ट्रॅक्टरास ती एकवेळ चालेल. ज्याचीं चारी चाकें ओढतात त्यास ती फार महाग पडते. कां पडते, हें फारसें कोणी समजावून सांगत नाहीं, म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम हातीं घेत आहों.

रुंद टायराचे कैवारी खोटें बोलतात असें आमचें म्हणणें नाहीं. कृष्णा-पंचगंगेच्या कांठची काळी जमीन ओली असतां रुंद टायर आणि बेताची हवा ह्यांनीं वजन अधिक जागेवर विभागतें, चाक कमी रुततें, माती कमी दबते. उलट, उभ्या उसांत आंतरमशागत करणारा अरुंद टायर मागतो. सरीच्या रुंदीपुढें त्याचा इलाज नाहीं. दोघांचीही गरज खरी आहे. परंतु दोघेही रुंदी पाहतात आणि परीघ पाहत नाहींत, येथें घोटाळा होतो.

टायरावर १३.६-२८ असें माप असतें. पहिला आंकडा रुंदीचा व दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. उंची त्यावर लिहिलेली नसते. पण ह्या जुन्या पद्धतीच्या मापांत रुंदीबरोबर उंचीही वाढते. १३.६-२८ काढून १४.९-२८ बसविला, तर चाकाचा परीघ सुमारें ४ टक्क्यांनीं वाढतो. चार टक्के म्हणजे कांहींच नाहीं, असें वाटेल. तें कांहींच नाहीं कीं काय, तें पाहूं.

आमच्या वडीलधाऱ्यांनीं काळ्या रानांत लोखंडी नांगराला बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपलेल्या पाहिल्या आहेत. पुढची जोडी किंचित् ओढीनें चालली तर साखळी ताठ राहते व सर्व जोड्यांचें बळ नांगरास मिळतें. पुढची जोडी रेंगाळली तर मागची तिच्या पायांत येते. उधळली तर सगळा भार तिच्याच मानेवर. चारी चाकांच्या ट्रॅक्टराचें असेंच आहे. पुढचीं व मागचीं चाकें गिअरांनीं एकमेकांस बांधलेलीं असतात, आणि पुढचें चाक जमिनीवर मागच्यापेक्षां थोडें अधिक अंतर तोडूं पाहील, अशी योजना कारखानदार करतो. ही आघाडी सामान्यतः १ ते ५ टक्के असावी लागते.

ती मोजण्यास कारागीर लागत नाहीं. पुढच्या चाकावर खडूनें दहा सारखे भाग पाडावे, मागच्यावर एक खूण करावी, हवा पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें ठेवावी व ट्रॅक्टर मोकळाच कठीण मातीच्या सपाट वाटेवर न्यावा. मागचें चाक दहा वेळां फिरेपर्यंत पुढचें किती फिरलें, तें एकदां पुढची ओढ सोडून व एकदां ती लावून मोजावें. समजा, सोडून १३.४ फेरे आले व लावून १३.८. वाढ ०.४, म्हणजे आघाडी सुमारें ३ टक्के. ट्रॅक्टर सुखी आहे. आतां मागें ४ टक्के मोठ्या परिघाचा टायर घाला. ओढ सोडून १३.९ फेरे येतील, लावल्यावर १३.८च, कारण गिअर बदललेले नाहींत. पुढचें चाक आतां ओढत नाहीं. ब्रेक लावल्यासारखें मागच्याच्या जिवावर फरफटतें. उलट मागें ४ टक्के लहान परिघाचा अरुंद टायर घातला, तर आघाडी ७ टक्क्यांच्या वर जाते, आणि पुढचे टायर घासून पुढच्या ॲक्सलाचे गिअर नको तेवढा भार घेतात.

झिजेचाही येथें हिशेब आहे. सुमारें २० इंच त्रिज्येच्या पुढच्या चाकावरील रबर अर्धा इंच झिजलें, तर अडीच टक्के गेले. मागचें चाक मोठें, त्यास तेवढीच झीज कमी बाधते. तेव्हां झिजलेल्या पुढच्या टायरांवर मागची नवी जोडी घालणारा गृहस्थ माप न बदलतांही आघाडी गमावून बसतो.

मऊ रानांत चाक थोडें घसरून ही ओढाताण निवते. डांबरी सडकेवर घसरण्यास वाव नसतो, आणि ताण शाफ्टांत व गिअरांत सांठत जातो. उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतांना कांहीं चालक जोर मिळावा म्हणून पुढची ओढ लावूनच ठेवतात. टायर मापाचे असले तरी हें वाईट. बेमापाचे असले तर मग विचारावयासच नको.

आमच्या कांहीं सभासदांकडे आतां चारी चाकांनीं चालणाऱ्या मोटारगाड्याही आहेत, आणि त्यांचीं मुलें मागें रुंद टायर घालण्याचा हट्ट धरतात. ते दाखला देतात विलायती गाड्यांचा. तो दाखला पुरता पाहावा. बीएमडब्ल्यूच्या एक्स ५ गाडीच्या कांहीं जुन्या नमुन्यांत पुढें २७५/४० आर २० व मागें ३१५/३५ आर २० असे टायर कारखान्यानेंच दिलेले होते. रुंदींत ४० मिलिमीटरांचा फरक. परंतु मागच्याची उंची रुंदीच्या ३५च टक्के असल्यामुळें हिशेबानें एकाचा व्यास ७२८ व दुसऱ्याचा ७२८.५ मिलिमीटर येतो. रुंदी वाढविली, परीघ हलूं दिला नाहीं. आपल्याकडे दुकानांत हौसेखातर बदलतात तेव्हां हा दुसरा आंकडा कोण पाहतो?

ट्रॅक्टर विकणाऱ्यांनीं पुढच्या-मागच्या गिअरांचें प्रमाण व चालणाऱ्या टायरांच्या जोड्या ट्रॅक्टरावरच मराठींत लिहून द्याव्या, असें आमचें स्पष्ट मत आहे. तोंवर आपली मोजणी आपणच करावी. रुंदी बदलणें भागच असेल, तर पुढचे व मागचे चारी टायर जोडीचे घ्यावे, अथवा रिम बदलून परीघ राखावा. खर्च वाढतो, हें खरें; पण पुढचा ॲक्सल उघडण्याचा खर्च आणि ऐन पेरणींत बुडालेले दिवस त्याच्या शेजारीं मांडावे. रिमोल्ड टायर घेणाऱ्यानें तर खिशांत दोरी ठेवावी. जोडींतल्या दोन्ही टायरांचा परीघ मोजून पाहावा, आणि दुकानदार मोजूं देत नसेल तर ते टायर त्याच्याच दुकानांत राहूं द्यावे.