दोन लेकरांना दोन माता

श्रावण वद्य अष्टमी जवळ आली की आमच्यासारख्या कीर्तनकारांस उसंत म्हणून राहत नाही. पंढरीतील आषाढीची गर्दी ओसरते न ओसरते तोच जन्माच्या कीर्तनाची आमंत्रणे येऊ लागतात. मध्यरात्री पाळणा हलतो, गुलाल उधळला जातो, सुंठवडा वाटला जातो आणि श्रोतेजन तृप्त मनाने घरोघर परततात. गेली चाळीस वर्षे हा सोहळा आम्ही व्यासपीठावरून पाहत आलो. परंतु पाळणा हलवून झाल्यावर त्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी काय होते, याचा विचार आम्ही फारसा केला नव्हता. यंदा तो करावयाचा आहे.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील आठव्या अध्यायात एक श्लोक आहे. बलराम आणि कृष्ण नुकतेच रांगून पावले टाकू लागले आहेत. व्यासांनी तेथे एखाद्या दक्ष गृहिणीप्रमाणे धोक्यांची यादीच दिली आहे : शिंगांची जनावरे, विस्तव, दातांचे प्राणी, शस्त्र, पाणी, पक्षी आणि काटे. या साऱ्यांपासून दोघा खेळकर पोरांना आवरता आवरता रोहिणी आणि यशोदा या दोन्ही मातांना घरची कामे करणे अशक्य झाले आणि त्यांच्या मनाची स्वस्थता पार हरपली, असे व्यास सांगतात. हा श्लोक आम्ही कीर्तनात शेकडो वेळा म्हटला, त्यावर श्रोत्यांना हसविलेही; पण त्यातील द्विवचन आमच्या लक्षात कधी भरले नव्हते. लेकरे दोन आहेत आणि माताही दोन आहेत. भोवती गोपगोपींनी भरलेले गोकुळ आहे, घरात दासदासी आहेत. इतके असूनही दोघींची त्रेधा उडते. मग ज्या घरात लेकरे दोन आणि माता एकच, त्या घराची अवस्था काय होत असेल?

हा प्रश्न आमच्या मनात पोथीने उत्पन्न केला नाही. तो आमच्या सुनेने केला. ती हकिकत सांगताना संकोच वाटतो, पण सांगितल्यावाचून पुढचे बोलता येणार नाही.

गेल्या चातुर्मासातील गोष्ट. घरात नातू अडीच वर्षांचा आणि नात तीन महिन्यांची. चिरंजीव नोकरीनिमित्त सकाळी आठाला बाहेर पडत तो दिवेलागणीला परत येई. त्याच सुमारास आमच्या सौभाग्यवतींच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवडे वाकू नये, जड उचलू नये अशी वैद्यांची सक्त ताकीद झाली. घर पूर्वीसारखेच चालले आहे असे आम्हांस वाटत होते. चहा वेळेवर येई, पूजेची तयारी होई, बाळाचे रडणे मधूनमधून कानांवर पडे. पण ते आमचे काम नव्हे, अशी आमची पक्की समजूत होती.

एके दिवशी सकाळी आम्ही अष्टमीच्या कीर्तनासाठी नववा अध्याय काढून बसलो होतो. आतल्या खोलीत सून नातीला पाजीत होती आणि गॅसवर दूध होते. एवढ्यात चिरंजीवांचे चिरंजीव पाटावर पाट ठेवून देव्हाऱ्यापर्यंत पोचले. पंचपाळे उलथले आणि समईचे तेल थेट आमच्या पोथीवर आले. समई नुकतीच शांत झाली होती, ही देवाचीच कृपा. त्या पोथीच्या समासात आमच्या तीर्थरूपांच्या हातच्या टिपा आहेत. आमचा तोल सुटला. आम्ही मोठ्याने ओरडलो, “लक्ष कुठं असतं तुझं?” हे आम्ही नातवाला म्हटले नाही, सुनेला म्हटले. ती बाळाला तशीच खांद्यावर घेऊन बाहेर आली, तोवर दूधही उतू गेले होते. तिने गॅस बंद केला, पोराला उचलून बाजूस नेले आणि एका हाताने पोथीवरचे तेल टिपून काढले. एक शब्द बोलली नाही.

रात्री मुले निजल्यावर ती आमच्यापाशी आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “बाबा, गेल्या अष्टमीला कीर्तनात यशोदेचं दूध उतू गेलं तेव्हा सगळे हसले. तुम्हीही किती गोड करून सांगितलंत. आपल्या घरातलं गेलं तेव्हा मात्र तुम्ही मला ओरडलात.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. शास्त्रार्थाच्या सभेत भल्याभल्यांशी वाद घातलेले आम्ही निरुत्तर झालो. कारण नववा अध्याय आमच्या मांडीवरच होता. त्यात हेच तर आहे! घरच्या दासी इतर कामांत गुंतलेल्या असल्यामुळे यशोदा स्वतः ताक घुसळावयास बसली. इतक्यात मूल दूध प्यावयास आले. ते पीत असता चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले, म्हणून त्याला अतृप्त ठेवून तिला धावावे लागले. रागावलेल्या मुलाने दगडाने मडके फोडले. एका स्त्रीला एकाच वेळी तीन ठिकाणी असावे लागते, हा त्या कथेचा आरंभ आहे. आमच्या घरात तीच कथा घडत होती आणि देव्हाऱ्यापासून चार हातांवर आम्ही बसलो होतो. लक्ष कुठे असते, हा प्रश्न खरे पाहता आम्हांसच विचारावयास हवा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. तान्हे मूल चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पिते. दहा वेळा धरले आणि दर वेळी अर्धा तास धरला तरी पाच तास नुसते पाजण्यात गेले. दुपटी, तेल लावणे, न्हाऊ घालणे, जोजविणे हे त्यावर. रात्रीची झोप सलग दोन-तीन तासही नाही. आणि हे चालू असताना अडीच वर्षांचा दुसरा जीव जागा असेपर्यंत क्षणभर स्थिर नाही! त्याच्यासाठी व्यासांची यादी आजही लागू आहे. विस्तवाच्या जागी गॅस आणि विजेचे बटण आले, पाण्याच्या जागी न्हाणीघरातील भरलेली बादली आली, शस्त्राच्या जागी विळी आणि कात्री. शिंगांची जनावरे तर आमच्या बोळात अजूनही आहेतच. त्यांत मोटारसायकलींची भर पडली.

त्या दिवसापासून सकाळचे दोन तास नातू आमच्याकडे, असे आम्ही ठरविले. आमच्या दारापासून चंद्रभागेचा घाट पाच मिनिटांच्या वाटेवर आहे. नातवासह तेथे पोचावयास चाळीस मिनिटे लागू लागली. प्रत्येक दगड उचलावयाचा, प्रत्येक पायरी दोनदा चढावयाची, प्रत्येक गाईला नमस्कार करावयाचा, आणि पाणी दिसताच हात सोडवून पळावयाचे. तीन तास उभ्याने कीर्तन करून आम्ही कधी थकलो नव्हतो. या दोन तासांनी मात्र पाठ धरली. मनाची स्वस्थता हरपणे म्हणजे काय, हे श्लोकाच्या टीकेत नव्हे, तर घाटाच्या ओल्या पायरीवर कळले.

यावर आमचे समवयस्क स्नेही म्हणतात, “आमच्या मातोश्रींनी सहा-सहा मुले वाढविली, त्यांनी कधी तक्रार केली नाही.” हे स्नेही खोटे बोलत नाहीत, पण अर्धेच बोलतात. त्या काळी वाड्यात आजी, काकू, आत्या असत. पुष्कळदा थोरली बहीणच धाकट्यांना कडेवर घेऊन मोठी होई आणि तिची शाळा त्यापायी सुटे. तेव्हा ती सहा मुले एकट्या मातोश्रींनी वाढविली नव्हती. आणि त्यांनी तक्रार केली नाही, की ती ऐकावयास कोणी बसले नाही, हे आज कोणी सांगावे? आमच्याच मातोश्रींना आम्ही हे कधी विचारले नाही, आणि आता विचारता येत नाही.

कायद्याने काही केले आहे, नाही असे नाही. २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली. पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने. मूल रांगू लागते ते बहुधा सात-आठ महिन्यांच्या सुमारास. म्हणजे व्यासांची यादी जेव्हा सुरू होते, तेव्हा रजा संपलेली असते. शिवाय शेतावर राबणारी, मोलमजुरी करणारी किंवा आमच्या सुनेप्रमाणे घर सांभाळणारी स्त्री या रजेत बसतच नाही. तिची रजा घरातील माणसांनीच द्यावयाची असते.

आता आमच्या व्यवसायाचा एक दोषही येथे कबूल करतो. कीर्तनात तान्हे मूल रडू लागले की आम्ही थांबत असू आणि म्हणत असू, “बाई, बाळाला जरा बाहेर घेऊन जा.” आई खाली मान घालून उठे आणि ओवरीत जाऊन उभी राही. हे आम्ही जन्माच्या कीर्तनातही केले आहे. पाळण्यातील मूर्तीला जोजवीत असता जिवंत बाळाला आम्ही मंडपाबाहेर घालविले आणि त्याचे आम्हांस काही वाटले नाही. भागवताच्या सातव्या अध्यायात, बाळ कुशीवर वळू लागल्याच्या उत्सवात यशोदा पाहुण्यांच्या सरबराईत इतकी गुंतली की गाड्याखाली निजविलेल्या मुलाचे रडणे तिला ऐकूच आले नाही. तिला निदान ऐकू आले नव्हते. आम्हांस ऐकू येत होते.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. यंदाच्या अष्टमीस मंडपात लहान मुले रडतील तर रडू द्यावीत. कीर्तनकाराने आवाज चढवावा, आईला उठवू नये. ओवरीत एक झोळी बांधावी, पंखा आणि पिण्याचे पाणी ठेवावे. पुरुषांच्या बाजूस बसलेल्या बाप, आजोबा, काका यांनी धावणारी पोरे आपल्याकडे घ्यावीत, म्हणजे त्यांच्या आईला एक आख्यान तरी सलग ऐकता येईल. आणि उत्सव आटोपल्यावर, घरात दुसरी माता कोण, हे प्रत्येक कुटुंबाने ठरवावे. ती सासू असेल, नणंद असेल, शेजारीण असेल. बाप किंवा आजोबा असल्यास अधिकच उत्तम. रोहिणीचे काम करावयास स्त्रीजन्मच हवा, असे शास्त्रात आम्हांस कोठे आढळले नाही.

दामोदर हे नाव ज्या प्रसंगावरून पडले, त्याचा शेवट वाचकांस ठाऊक आहेच. दावे दर वेळी दोन बोटे कमी पडत होते. त्या दोन बोटांचे अर्थ आचार्यांनी नाना प्रकारे लावले आहेत; आम्हीही लावले. पण पुढे देव बांधून घ्यावयास तयार का झाला, याचे कारण व्यासांनी निःसंदिग्ध सांगितले आहे. आईचे अंग घामाने भिजले होते, वेणीतील फुले गळून पडली होती. तिचे ते श्रम त्याने पाहिले आणि कृपावंत होऊन तो बांधला गेला.

पोथीवरचा तो तेलाचा डाग निघालेला नाही. तीर्थरूपांच्या टिपांतील दोन ओळी त्याने पुसट झाल्या आहेत. यंदा कीर्तनास तीच पोथी समोर ठेवणार आहोत. नातू आमच्या शेजारी बसेल, किंवा अधिक संभव असा की बसणार नाही. त्याच्यामागे धावण्याची पाळी चिरंजीवांची आहे. सूनबाई पुढच्या रांगेत बसून ऐकणार आहेत.