चौथ्या पटाचा मान

सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्ट येथे पंचेचाळिसावे बुद्धिबळ ऑलिम्पियाड झाले आणि भारताच्या खुल्या संघाने व महिला संघाने, दोघांनीही, सुवर्णपदक पटकावले. दोन्ही संघांत मिळून खेळाडू दहा. आज फराळाच्या ताटाभोवती जमलेल्या मंडळींना विचारून पाहा, या दहांची नावे सांगता येतात का? गुकेशचे नाव शाळकरी पोरही सांगेल; त्याच वर्षी डिसेंबरात तो जगज्जेता झाला. नागपूरच्या दिव्या देशमुखचे नाव निघेल. जुलै २०२५ मध्ये तिने महिलांचा विश्वचषक जिंकला. नाशिकचा विदित गुजराथी कोणाला तरी आठवेल. पण वंतिका अग्रवाल? महिला संघात चौथ्या पटावर बसून त्या पटाचे वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारी ही मुलगी. तिचे नाव विचारले की मंडळी चकलीकडे वळतात.

नुसता विसराळूपणा असता तर सणासुदीला एवढे कडू बोलण्याचे कारण नव्हते. पण ही आपली जुनी खोड आहे. दहा जणांनी मिळून केलेले काम आपल्याला दिसत नाही. एकाच्या गळ्यात हार पडला म्हणजे आपले समाधान होते. या खोडीपायी ऑलिम्पियाडने शिकवलेला धडा आपण वाचलाच नाही, आणि घरीदारी नेमके त्याच्या उलट वागत सुटलो आहोत, असे माझे म्हणणे आहे.

ही स्पर्धा मुळात एकेकट्यांची नाही. १९२७ साली लंडनमध्ये पहिले अधिकृत ऑलिम्पियाड भरले, तेव्हापासून ती देशादेशांच्या संघांची आहे. हल्लीची पद्धत अशी की प्रत्येक सामन्यात चार पट मांडायचे. पाचवा खेळाडू राखीव. चौघांचा क्रम आधीच ठरवून द्यावा लागतो, मनाला येईल तसा बदलता येत नाही. पहिल्या पटावरचा डाव जिंकला तर एक गुण आणि चौथ्या पटावरचा जिंकला तरी एकच गुण. जगज्जेत्याचा विजय दीड गुणाचा धरावा, असे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. चार डावांची बेरीज करून सामना जिंकला की संघाला दोन गुण, बरोबरी झाली की एक. म्हणजे पहिल्या पटावर कोणी साक्षात बृहस्पती बसवला आणि खालचे तिघे हरले, तर त्या बृहस्पतीचा विजय पाण्यात गेला.

हे कोणाला तर्कट वाटेल, म्हणून दाखले देतो. नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन २०१३ पासून २०२३ पर्यंत जगज्जेता होता. २०२२ साली चेन्नईजवळ मामल्लपुरम येथे ऑलिम्पियाड भरले, तेव्हा नॉर्वेला तिसरे मानांकन होते. कार्लसन उत्तम खेळला, पहिल्या पटाचे वैयक्तिक कांस्यपदकही त्याने घेतले. आणि त्याचा देश आला एकोणसाठावा! त्याच स्पर्धेत सुवर्णपदक नेले ते चौदावे मानांकन असलेल्या उझबेकिस्तानच्या तरुण पोरांनी. यजमान म्हणून आपण तीन संघ उतरवले होते. पदक मिळाले ते नावाजलेल्या पहिल्या संघाला नाही, तर कोवळ्या मुलांच्या दुसऱ्या संघाला.

परक्यांचे कशाला, आपलेच पाहा. विश्वनाथन आनंद हा आपल्या बुद्धिबळाचा आद्य पुरुष, त्याच्याविषयी मनात आदरच आहे. पण २००६ साली तूरिनला तो पहिल्या पटावर होता, संघाला दुसरे मानांकन होते, तरी पदक जवळपासही फिरकले नाही. भारताच्या खुल्या संघाला ऑलिम्पियाडचे पहिले पदक, तेही कांस्य, मिळाले २०१४ साली नॉर्वेतल्या ट्रोम्सो गावी. आणि त्या संघात आनंद नव्हता. सुवर्णपदक आले ते तिघेचौघे सारख्या ताकदीचे झाले तेव्हा. २०२४ च्या खुल्या संघाने बावीसपैकी एकवीस गुण मिळवले. त्यात पहिल्या पटावरच्या गुकेशला वैयक्तिक सुवर्ण मिळाले, तसेच ते तिसऱ्या पटावरच्या अर्जुन एरिगैसीलाही मिळाले.

महिला संघाची कथा तर याहून बोलकी आहे. पहिल्या पटावर द्रोणवल्ली हारिकाला ही स्पर्धा जड गेली. आठव्या फेरीत पोलंडने आपल्याला हरवले. नवव्या फेरीत अमेरिकेविरुद्ध वैशालीचा डाव गेला आणि सामनाही जातो असे दिसू लागले. त्या वेळी वंतिकाने अमेरिकेच्या इरिना क्रशला हरवून सामना बरोबरीत आणला. दहाव्या फेरीत तिसऱ्या पटावर दिव्याने डाव जिंकला आणि तेवढ्यावर चीनचा सामना आपल्या पदरात पडला. शेवटच्या फेरीत मात्र हारिकाही जिंकली, आणि सुवर्ण आले. खालच्यांनी वरच्याला सावरून धरले म्हणून वरच्याला शेवटी उभे राहता आले. संघाचे कर्णधार होते पुण्याचे अभिजित कुंटे. कर्णधाराचे कामही पाहण्यासारखे आहे: बरोबरीचा प्रस्ताव करावा की घ्यावा, असा सल्ला त्याला देता येतो, पटावरच्या स्थितीविषयी एक अक्षर बोलता येत नाही. म्हणजे त्याची खरी कर्तबगारी सामन्याआधीची. कोणाला बसवावे, कोणाला विश्रांती द्यावी, खचलेल्याला कसे सांभाळावे.

आता आपल्याकडे वळू. सुवर्णपदकानंतर गल्लोगल्ली बुद्धिबळाचे वर्ग निघाले, ठीकच झाले. पण तिथे पोराला घेऊन येणाऱ्या बापाला विचारा. त्याला पोरगा बुद्धिबळ खेळायला नको आहे, त्याला गुकेश हवा आहे. आठव्या वर्षी त्याचे मानांकन किती, शेजारच्याच्या पोराचे किती, शाळा कधी सोडवावी, कर्ज कोठून काढावे, हाच हिशेब. आणि दोन वर्षांत पोरगा पहिला आला नाही की पट माळ्यावर जातो आणि पोराच्या मनात कायमचे बसते की आपण हरलेला माणूस आहोत. शाळाही त्यातल्याच. मी मास्तर आहे, तेव्हा हे अंगणातलेच बोलतो. वर्गात साठ मुले बसतात आणि भिंतीवरच्या फळीवर नाव एकाचेच लागते. उरलेली एकुणसाठ जणू त्या एकाला टाळ्या वाजवण्यासाठी भरती केलेली!

यावर कोणी म्हणेल, "मास्तर, प्रतिभा ही एकट्याचीच असते. सगळ्यांना सारखे लेखाल तर ना पहिला तयार होईल, ना चौथा." आक्षेप वजनदार आहे, पण पटावर टिकत नाही. सिंह सुद्धा कळपात वाढतो. बुद्धिबळपटू तर प्रतिस्पर्ध्याशिवाय वाढूच शकत नाही. राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ साली सुरू झाली आणि पहिली दहा वर्षे विजेतेपद मुंबईच्या खाडिलकर भगिनींच्या घराबाहेर गेले नाही. वासंती, जयश्री, रोहिणी. तिघींना रोज तोलामोलाचा डाव घरातच मिळत होता. बुडापेस्टच्या संघांतली वैशाली आणि प्रज्ञानंद ही सख्खी भावंडे. थोरली बहीण खेळते म्हणून धाकटा भाऊ पटाशी बसला. भाऊबीजेला ओवाळणीत काय घालावे असा प्रश्न पडणाऱ्यांनी याचा विचार करावा. चौथा पट बळकट केल्याने पहिला दुबळा होत नाही. चौथ्यावरूनच उद्याचा पहिला उठतो.

आर्मेनिया हा सुमारे तीस लाख वस्तीचा देश, म्हणजे आपल्या पुण्याएवढा. २००६ आणि २००८ साली त्याने ऑलिम्पियाडचे सुवर्ण जिंकले. मग २०११ मध्ये त्यांनी प्राथमिक शाळेत बुद्धिबळ हा सक्तीचा विषय केला. आधी पदक, मग शाळा, हा क्रम लक्षात घ्या. त्यांनी पदकाचा अर्थ पोरांपर्यंत पोचवला. आपण तो चौकातल्या फलकापर्यंत पोचवला.

सक्ती करा, असे मी म्हणत नाही. आपल्याकडे सक्ती झाली की पहिल्या वर्षी गाईड निघते आणि दुसऱ्या वर्षी विषय मरतो. माझे मागणे साधे आहे. शाळाशाळांतून एकेकट्यांच्या स्पर्धा भरवता, तशाच चार पटांच्या, एका राखीवाच्या संघस्पर्धा भरवा. त्यात मुली हव्यातच. २०२० साली घरबसल्या खेळलेल्या ऑलिम्पियाडमध्ये संघात दोन पुरुष, दोन स्त्रिया, एक तरुण आणि एक तरुणी अशी रचना होती, आणि भारताने रशियाबरोबर सुवर्ण वाटून घेतले. जे जगाला जमले ते तालुक्याला जमायला हरकत नाही. चार पट आणि सोंगट्या यांना फटाक्यांच्या एका माळेहून फार खर्च येत नाही. आणि संघ जिंकला तर फळीवर पाचही नावे लिहा. राखीव खेळाडूचेही, एकाच मापाच्या अक्षरात.

गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील सांगून गेले. बुडापेस्टच्या पटावर ते पुन्हा एकदा खरे ठरले. आपल्या घरात, वर्गात, गल्लीत जे पोर आज चौथ्या पटावर बसले आहे, त्याच्याकडे पाठ फिरवून आपण पहिल्याची आरती ओवाळत राहिलो, तर पुढच्या पिढीत आरती ओवाळायलाही कोणी उरणार नाही.