हप्ता घेऊ, पण ट्रिब्यूनची खुर्ची कोणाची?

तळेगाव दाभाड्यातील एका बुद्धविहारात रविवारी वंदना आटोपली की आम्ही तासभर कायद्याचा सल्ला द्यायला बसतो. हल्ली निम्मे प्रश्न एकाच गोष्टीचे असतात. लाडक्या बहिणीचा हप्ता का बंद झाला? चाकणला ठेकेदाराकडे काम करणारी एक भगिनी परवा म्हणाली, "दादा, एका रेशनकार्डावर आम्ही तिघी, म्हणून माझं नाव कापलं म्हणे. मग इलेक्शनच्या आधी आम्ही दोघीच होतो का?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्या कायद्याच्या पुस्तकांत नाही. ते रोमच्या इतिहासात आहे. आणि त्या इतिहासाकडे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बोट दाखविले आहे.

रोममध्ये पॅट्रिशियन म्हणजे उच्चकुलीन आणि प्लेबियन म्हणजे बाकीची सारी प्रजा. परंपरेनुसार इ.स.पू. ४९४ मध्ये कर्जाने पिचलेले प्लेबियन शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले. दगड नाही, तलवार नाही. पण त्यांच्यावाचून सैन्य उभे राहीना! तेव्हा कुठे त्यांना ट्रिब्यून हे पद मिळाले. हा ट्रिब्यून प्लेबियनांनीच निवडायचा, प्लेबियनांमधूनच, आणि त्याने 'नाही' म्हटले की राज्यकर्त्यांचा हुकूम अडायचा. इ.स.पू. ४४५ मध्ये दोन वर्गांतील लग्नांवरची बंदी उठली. (आमच्याकडे आजही त्यापायी मुडदे पडतात.) पुढे दोन कॉन्सलपैकी एक प्लेबियन असावा हेही त्यांनी मिळविले. परंतु बाबासाहेबांनी नेमके वर्म ओळखले. त्यांच्या मांडणीनुसार कॉन्सलला देवीचा कौल लागे आणि कौल सांगणारे पुरोहित पॅट्रिशियन! म्हणजे माणूस आपला, पण पसंती त्यांची. पुणे करारानंतर राखीव जागांवर कोण निवडून येत गेले हे पाहणाऱ्यांना अधिक सांगणे नलगे.

जमिनीचा प्रश्न मात्र रोमच्या धनिकांनी कधीच सहन केला नाही. इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने सरकारी जमीन गरिबांना वाटण्याचा कायदा केला आणि त्याच वर्षी त्याला ठार मारले. मारेकऱ्यांच्या पुढे होता तो रोमचा मुख्य पुरोहित स्किपिओ नासिका! दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला, तेव्हा तुरुंग भरले. जमीन किती मिळाली ते सर्वांना ठाऊक आहे.

धान्याचे तसे नव्हते. क्लोडियस नावाचा एक बडा पॅट्रिशियन होता. त्याला ट्रिब्यून व्हायचे होते, पण ते पद प्लेबियनांचे. मग हा गृहस्थ स्वतःहून वयाने लहान असलेल्या एका प्लेबियनाला बाप करून त्याला दत्तक गेला! खोटे जातीचे दाखले काढणाऱ्यांचा हा मूळपुरुषच म्हणायचा. इ.स.पू. ५८ मध्ये तो ट्रिब्यून झाला आणि त्याने धान्य फुकट केले. यादी फुगत गेली. पुढे सीझरच्या हाती निर्विवाद सत्ता आली, तेव्हा त्याने यादी तपासली आणि ३ लाख २० हजारांची दीड लाख केली. इ.स.पू. २३ मध्ये तर ऑगस्टसने ट्रिब्यून न होताच ट्रिब्यूनचे अधिकार कायमचे आपल्या हाती घेतले. धान्य चालू राहिले. 'नाही' म्हणणारा माणूस गेला.

आता महाराष्ट्र पाहा. २०२४ च्या जूनमध्ये योजना जाहीर झाली, नोव्हेंबरात निवडणूक झाली, आणि जून २०२५ पासून २६ लाखांवर भगिनींचा लाभ थांबविला गेला. त्या भगिनीला तिचे उत्तर मिळाले असेल!

दीड हजारांना आम्ही नावे ठेवणार नाही. ज्यांची करोडोंची कर्जे माफ होतात त्यांनी तर 'रेवडी' हा शब्द तोंडातूनही काढू नये. आमचा प्रश्न वेगळा आहे. मे २०२५ मध्ये याच योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी वळविले गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. निधी मात्र वळलाच. मंत्री आपल्या खात्याचा, पण 'नाही' म्हणण्याची ताकद त्याच्या खुर्चीत नाही. सरकार म्हणते, लाभार्थींत अनुसूचित जातीच्या भगिनीही आहेतच. अहो, आहेत! पण त्यांना इतर भगिनींसारखाच सर्वसाधारण तिजोरीतून हप्ता का नाही? त्यांच्याच मुलांच्या शिष्यवृत्तीच्या, वसतिगृहाच्या विभागातून का?

या निधीला कायद्याचे कुंपण हवे ही चळवळीची जुनी मागणी आहे. आम्हीही ती मांडत आलो आहोत. तरी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कर्नाटकात २०१३ पासून असा कायदा आहे, आणि तेथेही २०२३-२४ मध्ये सुमारे ११ हजार कोटी हमी योजनांकडे गेले. कायद्यातच पळवाट ठेवली होती. तेव्हा मसुदा कोण लिहितो यावर आपले लक्ष हवे.

त्या भगिनीचा तक्रार अर्ज आम्ही लिहून दिला आहे. येत्या रविवारी विहारात माहिती अधिकाराचे अर्ज भरून घेणार आहोत. आपल्या वस्तीच्या सुधारणेसाठी पाच वर्षांत नगरपरिषदेकडे किती निधी आला, कुठे खर्च झाला, किती परत गेला, एवढेच विचारायचे आहे. येताना दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणावा.