दोन बोटांची फट

गाडीच्या पोटाखाली घरी केलेलं पॅनेल लावायचं खूळ आपल्या हॉस्टेलवर दर दोन-तीन वर्षांनी येतंच. कुणाला मायलेज वाढवायचं असतं, कुणाला 'बाहा'च्या बग्गीला बेली पॅन लागतं म्हणून, तर कुणाला (म्हणजे मला) गावच्या रस्त्यावरच्या दगडांपासून इंजिन वाचवायचं असतं. या सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे. पॅनेलचा आकार ठरवण्याआधी सायलेन्सरच्या उष्णतेला वाट कुठून देणार ते ठरवा. 'आधी पॅनेल तर बसवू, गरम झालं तर बघू' हा क्रम साफ चुकीचा आहे. मी तसंच केलं होतं, म्हणून सांगतो.

माझं गाव देवगड. कलमांच्या बागेकडे जाणारी आमची वाट सड्यावरून जाते. दोन्ही चाकोऱ्यांत जांभ्याचे दगड आणि मधल्या पट्ट्यात गुडघाभर गवत. घरच्या जुन्या पेट्रोल गाडीचं पोट दर खेपेला घासायचं. बंदरावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे एक ओळखीचे काका आहेत. त्यांच्याकडून मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन घेऊन तीन थरांचं झकास पॅनेल केलं. काकांनी तेव्हाच बजावलं होतं, "झिला, ह्या काय लोखंड न्हय. तापला काय मऊ पडतला!" पण मी पडलो इंजिनिअर! स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणली, पॅनेलच्या आतल्या बाजूला रेझिननेच चिकटवली आणि म्हटलं, झाली हीट शील्ड.

मे महिन्यात आंब्याच्या पेट्या घेऊन कोल्हापूरला निघालो. फोंडा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढला, काही झालं नाही. वर दाजीपूरला चहाला थांबलो आणि पाचेक मिनिटांनी जळका वास आला. वाकून बघतो तर फॉइल जागेवर, पण तिच्याखालचं रेझिन तपकिरी होऊन फुगलेलं. त्याहून वाईट म्हणजे सड्यावरचं वाळकं गवत पॅनेल आणि पाइपच्या मध्ये अडकून काळं पडलं होतं. डिकीत पेंढ्यात भरलेल्या पेट्या आणि सीटखाली पेट्रोलची टाकी! बाटलीतलं सगळं पाणी गवतावर ओतलं आणि पॅनेल तिथेच सोडवून काढलं. चहा तसाच राहिला.

आता प्रश्न असा, की घाट चढताना वाचलेलं पॅनेल थांबल्यावर का जळलं? चालत्या गाडीखालून वारा जातो, तो उष्णता घेऊन जातो. गाडी थांबली की वारा बंद, पाइप मात्र लगेच थंड होत नाही. त्यात पॅनेलने हवा कोंडलेली. आपण म्हणतो, गरम हवा वर जाते, पॅनेल तर खाली आहे, त्याला काय होणार? पण किरणोत्सर्गाला वर-खाली कळत नाही. तो सगळीकडे जातो आणि निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतो. हीट ट्रान्सफरच्या पेपरात आपण हे सूत्र पाठ करून लिहितो. जरा आकडे घालून बघा. २०० अंश सेल्सिअसला आदर्श काळा पृष्ठभाग चौरस मीटरला सुमारे २.८ किलोवॅट फेकतो, ४०० अंशांना ११.६. म्हणजे चौपट! भर दुपारचं ऊन चौरस मीटरला साधारण एक किलोवॅट असतं, यावरून अंदाज करा. आणि आपलं साधं पॉलिएस्टर रेझिन शंभर अंशांच्या आतच मऊ पडू लागतं.

मग माझ्या फॉइलचं काय चुकलं? चकचकीत अ‍ॅल्युमिनियम बहुतेक उष्णता परत फेकतं, हे खरंच आहे. १९९२ साली आलेल्या मॅक्लारेन एफ-१ मध्ये इंजिनच्या कप्प्याला सोन्याचा वर्ख लावला होता, तोही याच कारणाने. पण फॉइलवर चिखल आणि धूळ बसली की चमक गेली. मग ती जेवढी उष्णता शोषते, तेवढी थेट खालच्या रेझिनला देते, कारण दोघांमध्ये जागाच नाही. आमच्या कौलारू घरात कौलं तापतात, पण माळ्याखाली माणूस झोपू शकतो. ती करामत कौलांची नाही, मधल्या हवेची आहे.

म्हणून दुसऱ्या खेपेला असं केलं. पाइपच्या बरोबर खाली पॅनेल सरळ कापून टाकलं. जिथे दगडांमुळे झाकणं भागच होतं, तिथे एक मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावला. पाइपपासून दोन बोटं लांब, पॅनेलपासून एक बोट. पत्रा पॅनेलला न जोडता ब्रॅकेटने चेसिसला जोडला. पुढची आणि मागची बाजू उघडी ठेवली, म्हणजे हवा खेळते. सायलेन्सर रबरावर लटकलेला असतो आणि हलतो, तेवढी जागाही धरली. आणि सीझनमध्ये बागेतून आलं की गाडीखाली हात घालून गवत काढायचं, अर्थात गाडी थंड झाल्यावर!

काही मित्र म्हणतील, पाइपलाच हीट टेप गुंडाळ ना. गुंडाळा, पण मग पाइप आतून जास्त तापतो आणि टेप पाणी धरून ठेवते. देवगडच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडी पाइपला गंज चढायला त्याहून चांगली सोय नाही. आणि जुनी अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी किंवा पत्र्याचे तुकडे कुणी फुकट दिले तरी आणू नका. त्याच्या धुळीने कॅन्सर होतो.

शेवटचा मुद्दा आपल्या सरांसाठी. प्रोजेक्ट रिव्ह्यूला वजन किती, खर्च किती, ड्रॅग किती कमी झाला, सगळं विचारलं जातं. 'इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पॅनेलचं तापमान किती होतं?' हा प्रश्न मी तरी कधी ऐकला नाही. तो विचारा. लॅबमध्ये के-टाइप थर्मोकपल आहेत, ते कपाटातून बाहेर काढू द्या. नुसत्या इन्फ्रारेड गनवर विसंबू नका. चकचकीत पत्र्यावर ती खऱ्यापेक्षा बरंच कमी तापमान दाखवते. तिथे काळ्या रंगाचा ठिपका देऊन मोजावं लागतं.

पॅनेल जळलं तर हजार-दोन हजाराचं रेझिन गेलं, त्याचं फार काही नाही. पण त्या दिवशी आम्ही थांबलो म्हणून निदान वास तरी आला. घरी पोचून, अंगणात गाडी लावून झोपायला गेलो असतो, तर वास घ्यायला गाडीजवळ कोण होतं?