गोंड्यावर माशी हवी

सध्या कांद्याचे डेंगळे फुलावर आहेत. गोंड्यातल्या प्रत्येक बारीक फुलाचा पराग आधी झडतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणजे दुसऱ्या फुलाचा पराग आणणारी माशी हवीच. ती फिरकली नाही, तर पीक डौलदार दिसतं आणि बी मात्र पोचट निघतं. आग्या, सातेरी, फुलोरी या आपल्या माश्या ऐन फुलोऱ्यातल्या फवारणीने मरतात, बांधावरची झाडं तुटल्याने उपाशी राहतात. म्हणून या अंकात मधाविषयी आम्ही (मुद्दामच) कमी बोललो आहोत. भर आहे तो बियाण्यावर आणि फवारणीच्या वेळेवर. भाड्याच्या मधपेट्या आम्हाला अपुऱ्या वाटतात, कारण पेटीतली माशीही त्याच फवाऱ्याखाली येते. तुमच्या शिवारात मोहोळं कुठे उरलीत, संध्याकाळी फवारून फरक पडला का, जरूर कळवा.