बक्षिसानंतरच्या वर्षाचे काय? विद्यार्थ्यांच्या नवउद्योग कल्पना आणि पहिल्या ग्राहकाचा प्रश्न

नवी दिल्ली : देशातील अभियांत्रिकी, कृषी, औषधनिर्माण आणि व्यवस्थापन महाविद्यालयांत उद्योजकता स्पर्धा हा आता शैक्षणिक वर्षाचा नियमित भाग झाला आहे. विद्यार्थी काही मिनिटांत आपली कल्पना परीक्षकांपुढे मांडतात, परीक्षक प्रश्न विचारतात आणि समारोपाच्या कार्यक्रमात विजेत्यांना धनादेशाची मोठी प्रतिकृती देऊन गौरवण्यात येते. या सोहळ्याची बातमी दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध होते. त्या कल्पनेचे वर्षभरानंतर काय झाले, याची बातमी मात्र क्वचितच वाचायला मिळते. विद्यार्थी उद्योजकतेचा खरा प्रश्न या दुसऱ्या, न लिहिल्या जाणाऱ्या बातमीत दडलेला आहे.

या उपक्रमांचा विस्तार लक्षणीय आहे, हे प्रथम मान्य करावे लागेल. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’च्या सातव्या पर्वाची अंतिम फेरी डिसेंबर २०२४ मध्ये देशभरातील ५१ केंद्रांवर पार पडली. संस्थास्तरावर ८६ हजारांहून अधिक संघ त्यात उतरले होते आणि अंतिम फेरीत १,३०० हून अधिक संघ पोहोचले. मंत्रालये, शासकीय विभाग, सार्वजनिक उपक्रम आणि उद्योगसमूह यांनी २५० हून अधिक प्रत्यक्ष समस्या विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या होत्या. सहा जणांच्या प्रत्येक संघात किमान एक विद्यार्थिनी असणे तेथे बंधनकारक आहे. दुसरीकडे, जानेवारी २०१६ मध्ये ‘स्टार्टअप इंडिया’ उपक्रम सुरू झाल्यापासून जानेवारी २०२५ च्या मध्यापर्यंत उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने मान्यता दिलेल्या स्टार्टअपची संख्या १ लाख ५९ हजारांवर गेली होती. कल्पनांची आणि उत्साहाची वानवा नाही, एवढे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

तरीही स्पर्धेत गौरवलेली कल्पना आणि बाजारात टिकलेला उद्योग यांत मोठे अंतर आहे. परीक्षकांपुढे सादरीकरण करताना कल्पनेची मांडणी, बाजारपेठेचा अंदाज आणि विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास या गोष्टींना महत्त्व येते. उद्योग उभा करताना वेगळेच प्रश्न पुढे येतात. यंत्र पावसात चालेल का, ते बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, खरेदीदाराकडून पैसे किती महिन्यांनी मिळणार आणि तोपर्यंत पगार कोठून द्यायचे, याची उत्तरे सादरीकरणाच्या पडद्यावर सापडत नाहीत.

हे अंतर कसे कापले जाते, याचे बोलके उदाहरण केरळमध्ये आहे. मलप्पुरम जिल्ह्यातील कुट्टिप्पुरम येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या मित्रांच्या एका गटाला यंत्रमानव बनवण्याचा छंद होता. मानवी शरीरावर चढवता येईल आणि ताकद वाढवेल असा यांत्रिक सांगाडा त्यांनी तयार केला होता. शिक्षण संपल्यावर मात्र ते नोकरीला लागले. नोव्हेंबर २०१५ मध्ये कोळिकोड येथे मॅनहोलमध्ये उतरलेले दोन कामगार आणि त्यांना वाचवण्यासाठी धावलेला एक रिक्षाचालक अशा तिघांचा मृत्यू झाला. सफाईसाठी माणसाला गटारात उतरवण्याच्या प्रथेचा प्रश्न त्या घटनेने केरळमध्ये पुन्हा ऐरणीवर आणला. पुढे या तरुणांनी ‘जेनरोबोटिक्स’ ही कंपनी स्थापन केली आणि मॅनहोल साफ करणारे ‘बँडिकूट’ हे यंत्र विकसित केले. २०१८ मध्ये ते तिरुवनंतपुरममध्ये प्रत्यक्ष कामाला लागले. यंत्राचा भाग खाली उतरतो, चालक वर उभा राहून पडद्यावर पाहत काम करतो. पूर्वी स्वतः मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगारांनाच ते चालवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले.

या यशात तरुणांच्या कौशल्याचा वाटा मोठा आहे, तितकाच वाटा त्यांना मिळालेल्या पाठबळाचाही आहे. केरळ स्टार्टअप मिशनने त्यांना आधार दिला आणि केरळ जल प्राधिकरणाच्या रूपाने यंत्राची चाचणी घेणारी, ते वापरणारी यंत्रणा मिळाली. समस्या ज्याची आहे, त्यानेच उत्तर तपासले. स्पर्धेतील परीक्षक आणि प्रत्यक्ष ग्राहक यांतील फरक येथे दिसतो. परीक्षक कल्पना आवडली एवढेच सांगू शकतो. ग्राहक त्यातील काय चालत नाही ते सांगतो आणि जे चालते त्याचे पैसे मोजतो.

हा मार्ग किती लांबचा असतो, याची कल्पना आणखी दोन उदाहरणांवरून येईल. मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी २००७ मध्ये ड्रोन बनवणारी ‘आयडियाफोर्ज’ कंपनी स्थापन केली. तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली ती जुलै २०२३ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. मद्रासच्या आयआयटीतील दोन माजी विद्यार्थ्यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘एथर एनर्जी’ची विद्युत स्कूटर ग्राहकांच्या हाती पडायला २०१८ साल उजाडले. सादरीकरण काही मिनिटांचे, हॅकेथॉन ३६ तासांचे आणि उद्योग दशकभराचा, हे प्रमाण विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना आरंभीच सांगितले जायला हवे.

बक्षीस मिळाल्यानंतर विद्यार्थ्यांपुढे येणारी पहिली अडचण मालकीची असते. कल्पना कोणाची, हा प्रश्न संघात मैत्री असेपर्यंत कोणी विचारत नाही. महाविद्यालयाची प्रयोगशाळा, मार्गदर्शक प्राध्यापक आणि सहा विद्यार्थी यांच्या सहभागातून तयार झालेल्या उपकरणावर हक्क कोणाचा? ‘राष्ट्रीय नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरण, २०१९’ या मार्गदर्शक धोरणात याचे उत्तर आहे. संस्थेची साधने किंवा निधी वापरून विकसित झालेल्या बौद्धिक संपदेवर संशोधक आणि संस्था यांची संयुक्त मालकी असावी. विद्यार्थ्याने संस्थेची साधने न वापरता आणि अभ्यासक्रमाबाहेर काम केले असेल, तर मालकी संपूर्णपणे त्याची असावी, असे हे धोरण सांगते. संस्थेने दिलेल्या पाठबळाच्या बदल्यात तिने नव्या कंपनीत साधारण २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा, असेही त्यात सुचवले आहे. स्पर्धेत उतरणाऱ्या विद्यार्थ्याला हे आकडे व्यासपीठावर जाण्यापूर्वीच ठाऊक असले पाहिजेत.

याला जोडूनच पेटंटचा मुद्दा येतो. भारतीय पेटंट कायद्यानुसार शोध नवा असणे ही पहिली अट आहे. अर्ज दाखल करण्यापूर्वी शोधाचा तांत्रिक तपशील जाहीर झाला, तर ही अटच धोक्यात येते. केंद्र सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शने किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा ठरावीक प्रसंगांना कायद्याच्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे. महाविद्यालयातील प्रत्येक खुल्या स्पर्धेला ती आपोआप लागू होत नाही. यावरचा उपाय फारसा महाग नाही. व्यक्ती, स्टार्टअप किंवा शैक्षणिक संस्था यांना पेटंटचा अर्ज ऑनलाइन दाखल करण्यासाठी १,६०० रुपये मूळ शुल्क आहे. आधी प्रोव्हिजनल अर्ज करून पुढील १२ महिन्यांत संपूर्ण तपशील सादर करण्याची मुभाही कायदा देतो. मात्र निव्वळ संगणक प्रणाली किंवा व्यवसायपद्धती यांना कलम ३ (के) नुसार पेटंट मिळत नाही. त्यामुळे मोबाइल अॅपच्या स्वरूपातील कल्पनांना पेटंटचा आधार मिळणे कठीण असते; त्यांचे भवितव्य ग्राहक किती लवकर जोडले जातात, यावरच ठरते.

दुसरी अडचण वेळेची आहे. बहुतेक संघ तिसऱ्या किंवा अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे असतात. बक्षीस मिळते तेव्हा परीक्षा जवळ आलेली असते, प्रांगणातील मुलाखती सुरू झालेल्या असतात आणि काही महिन्यांत संघातील सदस्य वेगवेगळ्या शहरांत नोकरीला लागतात. वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय धोरणात यावरही तरतुदी सुचवल्या आहेत. विद्यार्थी उद्योजकांना उपस्थितीत सवलत मिळावी, स्टार्टअपचे काम अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून ग्राह्य धरावे आणि एक सत्र किंवा वर्षभर शिक्षण थांबवून पुन्हा परतण्याची मुभा असावी, असे त्यात म्हटले आहे. गुजरातने २०१७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र स्टार्टअप आणि नवोन्मेष धोरण आणले. तथापि राष्ट्रीय धोरण मार्गदर्शक स्वरूपाचे असल्याने त्याची अंमलबजावणी संस्थेच्या इच्छेवर अवलंबून राहते.

येथे सामाजिक विषमतेचा प्रश्नही उभा राहतो. ज्या घरात मुलाच्या पहिल्या पगाराची वाट पाहिली जात असते आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू व्हायचा असतो, त्या घरातील विद्यार्थ्याला दोन वर्षे बिनपगारी धडपड करणे परवडत नाही. कल्पना कितीही उपयुक्त असली तरी तो नोकरीच स्वीकारतो आणि त्याला दोष देता येणार नाही. गटारसफाई, पिण्याचे पाणी, शेतमालाची साठवण यांसारख्या समस्या ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, असे विद्यार्थी बहुधा याच घरांतून येतात. त्यांना स्पर्धेनंतर किमान वर्षभर निर्वाहभत्ता मिळाला नाही, तर टिकून राहणाऱ्या कल्पना प्रामुख्याने सुस्थित घरांतल्याच असतील आणि त्या सोडवतील त्या समस्याही त्याच घरांच्या असतील.

तिसरी अडचण पैशांची मानली जाते, परंतु ती अधिक नेमकेपणाने पाहायला हवी. केंद्राच्या ९४५ कोटी रुपयांच्या ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ योजनेत संकल्पनेची चाचणी आणि नमुना उत्पादन यांसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. अर्जदार मान्यताप्राप्त स्टार्टअप असावा आणि त्याच्या स्थापनेला दोन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा, ही तिची प्रमुख अट. इतर शासकीय योजनांतून १० लाखांपेक्षा जास्त आर्थिक साहाय्य घेतलेले नसावे, अशीही अट त्यात आहे. स्पर्धेतील बक्षिसाची रक्कम मात्र या मर्यादेत धरली जात नाही. म्हणजे बक्षीस विजेत्याच्या आड येत नाही, परंतु केवळ बक्षिसाच्या प्रमाणपत्रावर अनुदानही मिळत नाही. त्यासाठी कंपनी, मर्यादित दायित्व भागीदारी किंवा नोंदणीकृत भागीदारी संस्था स्थापन करावी लागते. उत्साहाच्या भरात फार लवकर कंपनी स्थापन केली, तर नमुना तयार होण्यापूर्वीच दोन वर्षांची मुदत संपू शकते. कंपनी केव्हा नोंदवावी, हा सल्ला अनेकदा रोख बक्षिसापेक्षा मोलाचा ठरतो.

या सर्वांहून निर्णायक प्रश्न पहिल्या ग्राहकाचा आहे. महाराष्ट्रात या संदर्भात वेगळा प्रयोग झाला आहे. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या ‘स्टार्टअप सप्ताहा’त निवडलेल्या २४ स्टार्टअपना रोख पारितोषिकाऐवजी शासकीय विभागांकडून १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत २०१८ पासून रूढ झाली. विजेत्याला यातून कामाची संधी, वापराचा अनुभव आणि पुढच्या खरेदीदाराला दाखवण्याजोगा पुरावा मिळतो. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतही स्टार्टअपना बयाणा रकमेतून सूट आणि पूर्वानुभव व उलाढालीच्या अटींत शिथिलता देण्याची तरतूद आहे. हॅकेथॉनमध्ये समस्या मांडणारे विभाग या तरतुदींचा वापर करून विजेत्या उत्तराची छोट्या प्रमाणावर खरेदी करू शकतात. समस्या विभागाची, उत्तर विद्यार्थ्याचे आणि शेवटी खरेदी कोणाचीच नाही, ही स्थिती त्यामुळे टळेल.

महाविद्यालयांच्या बाजूनेही आत्मपरीक्षणाची गरज आहे. २०१८ पासून स्थापन झालेल्या संस्था नवोन्मेष परिषदांना त्यांच्या कार्यक्रमांच्या आधारे तारांकित श्रेणी मिळते. कार्यक्रम मोजले जात असतील, तर कार्यक्रमच वाढणार. किती स्पर्धा झाल्या, यासोबत किती संघ वर्षभरानंतर काम करत आहेत, कितींना पैसे देणारा ग्राहक मिळाला आणि कितींनी मालकीचा करार लेखी केला, हेही मोजले गेले पाहिजे. त्यासाठी नव्या निधीची गरज नाही. आयोजक संस्थेने गतवर्षीच्या विजेत्यांची सद्यस्थिती पुढील स्पर्धेच्या उद्घाटनात जाहीर केली, तरी चित्र पुरेसे स्पष्ट होईल.

बंद पडलेल्या कल्पनांचीही नोंद त्यात असावी. बहुतांश नवे उद्योग टिकत नाहीत, हे जगभरचे वास्तव आहे आणि विद्यार्थी त्याला अपवाद नाहीत. एखाद्या संघाने प्रामाणिकपणे चाचणी घेऊन आपली कल्पना चालत नाही हे शोधले असेल, तर ती माहिती पुढच्या संघाची दोन वर्षे वाचवू शकते. आज मात्र ती विजेत्यांच्या निरोपसमारंभाबरोबर विस्मरणात जाते आणि दरवर्षी काही संघ तीच कल्पना नव्याने सादर करतात.

स्पर्धांनी विद्यार्थ्यांना आपल्या आसपासची समस्या पाहायला आणि ती चारचौघांत मांडायला शिकवले, हे त्यांचे श्रेय आहे. केरळमधील त्या तरुणांनी विद्यार्थिदशेतील छंदाचे रूपांतर कामगारांचे प्राण वाचवू शकणाऱ्या यंत्रात केले, कारण एका सार्वजनिक यंत्रणेने ते वापरून पाहण्याची तयारी दाखवली. पुढील हॅकेथॉनसाठी समस्या पाठवणाऱ्या प्रत्येक विभागाने उत्तर पटल्यास पहिली चाचणी आपल्याकडे होईल, एवढे आश्वासन समस्येसोबतच लेखी द्यावे. व्यासपीठावर मिळालेल्या धनादेशापेक्षा त्याचा उपयोग विद्यार्थ्यांना अधिक काळ होईल.